कॅरीबॅगला दंड आणि पुडीला मोकळं रान

पावसाळा तोंडावर आला की बेळगावात एक वाद ठरल्यासारखा सुरू होतो. बाजारात पथक फिरतं, गणपत गल्लीतल्या एखाद्या भाजीवाल्या मावशीच्या टोपलीखालनं कॅरीबॅगचं बंडल निघतं, दंड होतो, फोटो ग्रुपवर येतो आणि खाली दोन तट पडतात. एक तट म्हणतो, प्लॅस्टिक म्हणजे राक्षस, सगळंच बंद करा, आपले आजी-आजोबा काय प्लॅस्टिकवर जगले का. दुसरा म्हणतो, हे शिकलेल्यांचं फॅड आहे, प्लॅस्टिकशिवाय आज ना दवाखाना चालत ना शेती, दोष लोकांचा आहे, लोकांना शिस्तच नाही. मला दोन्ही बाजू अर्धवट वाटतात, आणि अर्धवट असून इतक्या ठामपणे बोलतात की मधे तोंड उघडायची सोय राहत नाही, म्हणून इथं जरा सविस्तर लिहितोय. माझं म्हणणं एवढंच आहे की प्लॅस्टिक चांगलं की वाईट यावर भांडून हाती काही लागत नाही. विकलेली वस्तू वापरून झाल्यावर कुणाकडं परत जाणार आणि तो खर्च कुणाच्या खिशातनं जाणार, हे विकतानाच ठरलं पाहिजे. ते ठरत नाही तोवर बंदी घाला नाहीतर शिस्त लावा, दोन्हीचा बोजा त्या मावशीवरच पडणार आणि ज्यानं खरा पैसा कमावला तो लांबून गंमत बघणार.

आधी आजी-आजोबांचं बघू. प्लॅस्टिकच्या आधीचं जग स्वच्छ होतं हे खरं, पण ते कुणाच्या जिवावर स्वच्छ होतं? बिलियर्डचे चेंडू हस्तिदंताचे असायचे, कंगवे कासवाच्या पाठीचे. हस्तिदंत इतकं महाग झालं की १८६३ मध्ये न्यूयॉर्कच्या एका बिलियर्ड कंपनीनं त्याला पर्याय शोधणाऱ्याला १०,००० डॉलरचं बक्षीस लावलं, आणि त्याच खटपटीतनं जॉन वेस्ली हयातचं सेल्युलॉइड पुढं आलं. विजेच्या तारांना, यंत्रांना इन्सुलेशन म्हणून लाख लागायची. लाखेचे किडे मुख्यतः आपल्या देशात, माल कधी मिळायचा कधी नाही, तर लिओ बेकलँडनं १९०७ मध्ये फिनॉल आणि फॉर्माल्डिहाइडपासून बॅकेलाइट केलं, आणि जुन्या घरातली ती काळी गोल विजेची बटणं त्याचीच. पॉलिथीन तर १९३३ मध्ये इंग्लंडच्या प्रयोगशाळेत भलताच प्रयोग चालू असताना भांड्याच्या तळाशी मेणासारखं साचलेलं सापडलं आणि दुसऱ्या महायुद्धात रडारच्या केबलला कामाला आलं. म्हणजे पहिली सत्तर-ऐंशी वर्षं हा पदार्थ निसर्गाचा शत्रू म्हणून नव्हे, तर हत्ती-कासवांवरचा भार हलका करणारा म्हणून आला, आणि त्या काळी त्याला किंमत होती, कुणी तो वापरून फेकत नव्हतं. फेकायची सवय नंतर लागली, पेट्रोकेमिकलच्या कारखान्यांतनं माल इतका स्वस्त निघायला लागला की ठेवण्यापेक्षा टाकणं परवडायला लागलं तेव्हा.

आणि हे विलायतेचंच आहे असंही नाही. खानापूर भागात भाताची रोपलावण करणाऱ्या बायका पूर्वी डोक्यावर इरलं घ्यायच्या, बांबूच्या कामट्यांचं नि पानांचं, दिसायला सुंदर, फोटो काढावा असं, पण भिजलं की जड आणि वाकून काम करताना वारा त्यात शिरायचा. आता मेणकागद, म्हणजे प्लॅस्टिकचा कागद, घेतात. पितळी घागर रिकामीच इतकी जड की पाणी भरायच्या आधीच कंबर बोलायची, तिथं प्लॅस्टिकची घागर आली आणि त्या घागरीनं बाईच्या मानेवरचं किती ओझं उतरवलं याचा हिशोब कुठल्याही पर्यावरण अहवालात नसतो. अर्थात दुसरी बाजूपण आहे. प्लॅस्टिकच्या चपलेनं अनवाणी माणसाच्या पायात काहीतरी आलं, पण त्याच चपलेनं अथणी आणि निपाणीकडच्या चामड्याच्या कारागिरांचं गिऱ्हाईक पळवलं. २०१९ मध्ये कोल्हापुरी चपलेला जीआय म्हणजे भौगोलिक मानांकन मिळालं त्यात महाराष्ट्राचे चार आणि कर्नाटकाचे चार जिल्हे आहेत, बेळगावपण आहे, पण मानांकनानं पोट भरतंच असं नाही. दवाखान्याचं तर बोलायलाच नको. काचेच्या सिरिंज उकळून उकळून पुन्हा वापरायचे तेव्हा त्यातनं कावीळ पसरायची. मोतीबिंदूच्या ऑपरेशनमधे जी लेन्स बसवतात तिची सुरुवात हॅरल्ड रिडली या इंग्रज डॉक्टरनं १९४९ मध्ये केली. युद्धात विमानाच्या काचेचे म्हणजे ॲक्रिलिकचे तुकडे वैमानिकांच्या डोळ्यात घुसले होते आणि शरीरानं ते निमूट सहन केले होते, हे त्यानं हेरलं होतं. आपल्या घरातला प्रत्येक मोतीबिंदू काढलेला म्हातारा डोळ्यात प्लॅस्टिक घेऊन पेपर वाचतोय. तेव्हा सगळंच बंद करा म्हणणाऱ्यांनी जरा श्वास घ्यावा.

एवढं वाचून दुसरा तट खूश झाला असेल तर थांबा. डोळ्यातली लेन्स आणि चिप्सचं पाकीट यांच्यात नावापलीकडं काय सारखं आहे? एक माणसासोबत आयुष्यभर राहते, दुसरं दहा मिनिटांत रिकामं होतं आणि मग शेकडो वर्षं कुणाचंच नसतं. दवाखान्याचं उदाहरण पुढं करून पाकिटाचा बचाव करणं ही चलाखी आहे. १९५० पासून २०१५ पर्यंत जगात ८३० कोटी टन प्लॅस्टिक तयार झालं असा हिशोब २०१७ मध्ये अमेरिकेतल्या संशोधकांनी मांडला. त्यातलं ६३० कोटी टन कचरा झालं, त्या कचऱ्याचं फक्त ९ टक्के रिसायकल, १२ टक्के जाळलं, उरलेलं ७९ टक्के कचरा डेपोत नाहीतर उघड्यावर. आणि वापराचा सगळ्यात मोठा वाटा कशाचा, तर पॅकेजिंगचा. सलाइनच्या बाटलीचा नव्हे.

राहिली शिस्त. हा युक्तिवाद मला सगळ्यात जास्त खटकतो कारण तो ऐकायला शहाणा वाटतो. मी एवढंच विचारतो: माणसं तीच, रस्ता तोच, मग पाण्याची रिकामी बाटली संध्याकाळपर्यंत कुणीतरी उचलून नेतं आणि शाम्पूची पुडी वर्षभर तिथंच का पडून राहते? दुधाची पिशवी घरोघरी धुऊन, वाळवून, गादीखाली साठवून भंगारवाल्याला दिली जाते, तीच घरं, तीच माणसं, आणि बिस्किटाचं रॅपर मात्र सरळ गटारात. शिस्त काय बाटलीपुरती येते आणि रॅपरच्या वेळी सुट्टीवर जाते? खरं कारण असं की बाटलीला आणि दुधाच्या पिशवीला भंगारात भाव आहे, रॅपरला नाही. रॅपर म्हणजे दोन-तीन वेगवेगळ्या थरांचं पातळ सँडविच, मधे ॲल्युमिनियमचा थर, ते सुटं करणं परवडत नाही म्हणून भंगारवाला हात लावत नाही. पिशवी किती जाड हवी हा मायक्रॉनचा (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) नियम पण असाच बघा, लोकांना तो सरकारी खुळ वाटतो पण त्यात गणित आहे. ३० बाय ४० सेंटीमीटरची साधी पिशवी धरा. २० मायक्रॉनची असेल तर वजन साडेचार ग्रॅमच्या आसपास, म्हणजे एक किलो भरायला सव्वादोनशे पिशव्या वाकून वाकून उचलायच्या. तीच १२० मायक्रॉनची असेल तर साडेसव्वीस ग्रॅम, किलोला ३८ पिशव्या. कचरा वेचणाऱ्या बाईनं कुठली उचलावी? केंद्रानं ३१ डिसेंबर २०२२ पासून १२० मायक्रॉनची अट घातली ती याच कारणानं अर्थपूर्ण आहे. पिशवीला सहापट प्लॅस्टिक लागतं हा आक्षेप मान्य, पण फुकट वाटता येत नाही इतकी ती महाग होते हाच तर फायदा.

आता बंदीवाल्यांचे खरे मुद्दे, कारण त्यांचे सगळेच मुद्दे आजी-आजोबांचे नाहीत. पहिला, रिसायकलिंग हे बऱ्यापैकी मनाचं समाधान आहे. काच नि लोखंड जसं पुन्हा पुन्हा वितळवता येतं तसं प्लॅस्टिकचं नाही, दर फेरीला त्याचा दर्जा उतरतो. दुसरा, झिजून जे बारीक कण होतात ते कुठल्याच परतीच्या वाटेनं परत येत नाहीत. गर्भाला पोसणाऱ्या वारेतही सापडलेत आणि २०२२ मध्ये रक्तातही. हे दोन्ही मुद्दे मला पूर्ण मान्य आहेत, आणि म्हणून काही वस्तूंवर बंदीच हवी, स्ट्रॉ, थर्माकोलच्या ताटल्या, असल्या गोष्टींची परत गोळा करायची भानगड नको, बनवूच नका. पण बंदी कुणावर पडते ते बघा ना. कर्नाटकात ११ मार्च २०१६ च्या अधिसूचनेनं जाडी-बिडी न बघता कॅरीबॅग, ताटल्या, कप, चमचे, फ्लेक्स, बॅनर, प्लॅस्टिकचे झेंडे, सगळ्यावर बंदी आली. महाराष्ट्राची आली २०१८ मध्ये. मधल्या दोन वर्षांत कोगनोळी नाका ओलांडून कागलला गेलात की जे इकडं गुन्हा ते तिकडं दुकानात लटकलेलं, बाचीहून शिनोळीला चालत गेलात तरी तेच. माल काय भाषा विचारून सीमा ओलांडत नाही. १ जुलै २०२२ पासून केंद्राची बंदी आली, ती ठराविक वस्तूंची, त्यात इअरबडची काडी आहे, फुग्याची काडी आहे, आइस्क्रीमची काडी आहे, आणि चिप्सचं नि शाम्पूचं पाकीट नाही. फुग्यावाल्याची लॉबी नसते हो.

बांगलादेशानं २००२ मध्ये पातळ पॉलिथीनच्या पिशव्यांवर बंदी घातली, जगात पहिला देश, पुरात गटारं तुंबल्याचा अनुभव ताजा होता, शिवाय पर्यायाला घरचा ताग होता. इतकं सगळं जुळून येऊनही काही वर्षांत पिशव्या बाजारात परत आल्या. आपल्याकडं गुटख्याचं घ्या. गुटखा, तंबाखू, पानमसाला प्लॅस्टिकच्या पुडीत विकू नका असं सुप्रीम कोर्टानं २०१० मध्येच सांगितलं, २०१६ च्या केंद्रीय नियमातही ते आहे. आता आपल्या गल्लीतल्या पानपट्टीसमोर जाऊन खाली बघा. निपाणीचा तंबाखू शंभर वर्षं पानात गुंडाळून विडी म्हणून विकला गेला, विडीला फिल्टर पण नाही (सिगारेटचा फिल्टर सेल्युलोज ॲसिटेटचा, म्हणजे तोही प्लॅस्टिकच, हे फार कमी लोकांना माहीत असतं), आरोग्याचं जे व्हायचं ते झालंच, ते मी झाकत नाही, पण थोटूक तरी मातीत जिरायचं. तोच तंबाखू पुडीत गेला आणि गटारात येऊन बसला.

फ्लेक्सचं तर आपल्याकडं वेगळंच. फ्लेक्स म्हणजे पीव्हीसी, प्लॅस्टिकच, २०१६ पासून आपल्या राज्यात बंद. आणि बेळगावात फ्लेक्सवरनं जेवढी भांडणं होतात तेवढी दुसऱ्या कुठल्या गावात होत असतील असं वाटत नाही, मराठीत का लावला, कन्नडमधे का नाही, अक्षरं लहान का, कुणी फाडला. दोन्हीकडचे लोक तावातावानं भांडतात, पोलीस येतात, आणि ती वस्तूच मुळात बेकायदा आहे हे कुणाच्या ध्यानीमनी नसतं. मी मराठी आहे, मराठी पाटीचा आग्रह मलापण आहे, पण वाढदिवसाच्या फ्लेक्सवरच्या भावी नगरसेवकाच्या फोटोत माझी भाषा वाचते असं मला वाटत नाही. कापडावर रंगवा की, आपल्या गावात बोर्ड रंगवणारे पेंटर होतेच ना, फ्लेक्सनं त्यांचीच तर पोटं मारली.

बळ्ळारी नाल्याचा विषय निघतोच म्हणून सांगतो. दर पावसात वडगाव, शहापूर, अनगोळ, येळ्ळूरच्या शिवारात नाल्याचं पाणी शिरतं, बेळगावी बासमतीचं भात कुजतं, शेतकरी ओरडतात. त्याला सगळं प्लॅस्टिकच जबाबदार म्हणणं चूक आहे, गाळ आहे, जलपर्णी आहे, अतिक्रमणं आहेत, २०१९ च्या ऑगस्टमधे तर पाऊसच असा होता की कुठलाच नाला पुरला नसता. पण पाणी उतरल्यावर शेतात जे उरतं त्यात नांगराला काय अडकतं ते त्या शेतकऱ्याला विचारा. पुडी विकून नफा कमावणारा एकीकडं आणि ती बांधावरनं वेचणारा दुसरीकडं, आणि या दोघांची कधी गाठच पडत नाही. मला वाटतं वादाचं मूळ हेच आहे आणि ग्रुपवर यावर एक ओळ नसते.

मग पर्याय म्हणून जे सांगतात त्यातही गोलमाल फार. दुकानात कापडी म्हणून जी रंगीत पिशवी देतात ती बहुतेक वेळा नॉन-वोवन असते, म्हणजे पॉलिप्रॉपिलीन, प्लॅस्टिकच, फक्त कापडाचं सोंग. कागदी कपाला आतनं पॉलिथीनचा थर असतो, नाहीतर चहा हातात आला असता. उसापासून बायोप्लॅस्टिक करा, आपल्या जिल्ह्यात एवढे साखर कारखाने आहेत, हा विचार मलापण आवडतो, पण त्यातलं जे पीएलए आहे ते कुजायला ६० अंशांच्या आसपास तापलेलं मोठं कंपोस्ट लागतं, नाल्याच्या गार पाण्यात ते साध्या प्लॅस्टिकसारखंच तरंगत राहतं. उलट बाजूनं प्लॅस्टिकवाले डेन्मार्कच्या २०१८ च्या सरकारी अभ्यासाचा दाखला देतात की सुती पिशवी ७१०० वेळा वापरली तरच ती प्लॅस्टिकच्या पिशवीला पुरी पडते. आकडा खरा आहे, पण तो सगळे निकष धरून, नुसतं हवामान बघितलं तर ५२ वेळाच, आणि त्या हिशोबात रस्त्यावर पडलेल्या कचऱ्याची किंमत धरलेलीच नाही, कारण तिकडं पिशवी रस्त्यावर पडत नाही, भट्टीत जाते. शिवाय तो हिशोब नव्या कापडाचा. जुन्या साडीची, जुन्या पँटची शिवलेली पिशवी डेन्मार्कच्या तक्त्यात बसत नाही. मातीचं म्हणाल तर खानापूरला कुंभारकामाची परंपरा आहे, खादी ग्रामोद्योगची कुंभारकामाची केंद्रीय संस्था पण तिथंच आहे, पत्रावळी-द्रोण आहेत, लग्नात हे सहज चालेल. पण शाम्पू काय द्रोणात देणार? मदुराईच्या प्राध्यापक वासुदेवनांनी तापलेल्या खडीवर प्लॅस्टिकचा थर चढवून रस्ते करायची पद्धत काढली, २०१८ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली, काम मोठं आहे. पण रस्त्याला लागणारं प्लॅस्टिकसुद्धा आधी कुणीतरी गोळा करून, साफ करून आणावं लागतंच, म्हणजे गाडी पुन्हा तिथंच अडते.

म्हणून डिपॉझिट. ही काय नवी आयडिया नाही, गोटी सोड्याची बाटली आपण परत देत होतो, कोल्ड्रिंकच्या काचेच्या बाटलीला पैसे ठेवून घेत होते, मोकळा क्रेट दुकानाबाहेर रचलेला असायचा, आणि त्या काळातली माणसं आजच्यापेक्षा जास्त शिस्तीची होती म्हणून नव्हे. निलगिरी जिल्ह्यात २०२२ पासून तमिळनाडूच्या सरकारी दारू दुकानात बाटलीमागं १० रुपये जास्त घेतात, रिकामी आणून दिली की परत. हायकोर्टानं रेटा लावला म्हणून सुरू झालं, आणि बहुतेक बाटल्या परत येतात. दारू प्यालेला माणूस १० रुपयांसाठी बाटली परत आणतो तर शिस्तीवर व्याख्यानं कशाला? जर्मनीत २००३ पासून एकदा वापरायच्या बाटल्यांवर हेच आहे. पलीकडं गोव्यानं २०२४ मध्ये अशी योजना काढली. उलट महाराष्ट्रानं २०१८ च्या नियमात दुधाच्या पिशवीला ५० पैसे परत असं लिहिलं ते कागदावरच राहिलं, कारण ५० पैशांसाठी कोण हलतंय, आणि परत घ्यायचं बंधन नीट कुणावर बसवलंच नव्हतं. कंपन्यांनी आपला माल गोळा करायचा हा नियम केंद्रानं केलाय, पण त्यातनं कचरा रिसायकल केल्याचं सर्टिफिकेट विकत घ्यायचा धंदा निघाला आणि बनावट सर्टिफिकेटं सापडली हे २०२३ मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळानंच सांगितलं. मोठ्या पातळीवरही तेच. ऑगस्ट २०२५ ला जिनिव्हात जागतिक प्लॅस्टिक कराराची बोलणी काही न ठरता संपली, काही देश म्हणत होते उत्पादनच कमी करा, तेलवाले देश म्हणत होते कचऱ्याचं व्यवस्थापन सुधारा. आपल्या ग्रुपवरचे दोन तट, फक्त सूट घातलेले.

पुडीला डिपॉझिट कसं लावणार हा रास्त प्रश्न आहे, दोन रुपयांच्या पुडीला दोन रुपये डिपॉझिट लावलं तर गरीब बाई शाम्पू घेणार कशी? माझं उत्तर, तिथं डिपॉझिट नकोच, तिथं कंपनीला सांगा की एकाच थराचं, भंगारात विकलं जाईल असं पाकीट करा, नाहीतर दुकानात मोठा डबा ठेवा आणि लोक घरची बाटली घेऊन येतील. तेल आपण असंच सुटं आणत होतो की. जे यातलं काहीच करणार नाहीत त्यांच्या पुडीवर बंदी घाला, त्या बंदीच्या बाजूनं मी पहिला उभा राहीन. बाटल्यांना मात्र पाच-दहा रुपये डिपॉझिट लावाच, किराणा दुकानदाराला बाटलीमागं काहीतरी कमिशन द्या, आणि आज जे भंगारवाले आणि वेचणारे लोक हे काम करतात त्यांनाच केंद्रं चालवायला द्या, बाहेरचा ठेकेदार आणू नका.

आपल्याकडं एक अडचण मात्र खास आपली. कर्नाटकानं डिपॉझिट लावलं आणि महाराष्ट्रानं नाही लावलं तर चंदगडातनं, कागलातनं पोती भरभरून रिकाम्या बाटल्या बेळगाव-निपाणीत येणार आणि न घेतलेले पैसे इकडं परत द्यावे लागणार. बाटलीवर कोड छापला तर त्यावर उपाय आहे, पण त्यासाठी दोन राज्यांच्या अधिकाऱ्यांना एका खोलीत बसावं लागेल, आणि सीमेवर असं काही निघालं की लगेच कुणीतरी विचारणार, बैठक कुठल्या भाषेत? कुठल्याही भाषेत घ्या, पण कोडवर गावाचं नाव कुठलं लिहायचं यावर एक वर्ष घालवू नका.